मांजराची किडनी गेली म्हणतात, आता पुढे काय?

प्रश्न: आमची चिंगी १३ वर्षांची आहे. गेले काही महिने ती पाणी फार प्यायची, बाथरूममधल्या बादलीच्या कडेवर चढून. आम्हाला गंमत वाटायची. मग खाणं कमी झालं, उलट्या सुरू झाल्या, वजन ४.२ किलोवरून ३.१ वर आलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ४.६, फॉस्फरस ७.१. डॉक्टर म्हणाले, किडनी फेल आहे, वय झालंय, सलाईन लावून बघू. सलाईन सुरू आहे. भाऊ म्हणतो, उगाच हाल करू नकोस, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाक. आजी म्हणते, असं काही केलंस तर पाप लागेल. तिच्याकडे किती दिवस आहेत? तिला दुखत असेल का? रोज सुया टोचणं हा छळच नाही का? मी लोकलमध्ये रडते, पण ऑफिसात सांगू शकत नाही. मांजरासाठी एवढं, असं म्हणतील. (एक वाचक, लालबाग)

उत्तर:

भावाला आणि आजीला, दोघांनाही सांगून टाका की या आठवड्यात कुठलाही निर्णय होणार नाही. मुंबईत इतकी वर्षं मांजरं तपासल्यावर माझं मत पक्कं झालंय: किडनीचा पहिला रिपोर्ट हातात असताना मांजराच्या जगण्या-मरण्याचं काही ठरवू नये. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण अर्धवट असतो.

चिंगीचं रक्त काढलं तेव्हा ती उलट्या करत होती, खात नव्हती, म्हणजे शरीर कोरडं पडलेलं. अशा मांजराचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, असतं त्याहून जास्त दिसतं. त्या ४.६ मधला काही भाग किडनीच्या जुन्या आजाराचा आणि काही भाग नुसत्या पाणी कमी पडण्याचा. कधी त्यात लघवीच्या संसर्गाचा वाटा असतो, कधी किडनीतून खाली येणाऱ्या नळीत अडकलेल्या बारीक खड्याचा. हे वरचे सगळे भाग उपचारांनी उतरू शकतात, उरतो तो जुना आजार. म्हणून सलाईन संपल्यावर एकदा आणि ती घरी खातीपिती झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्त तपासायचं. खरा आकडा तो.

त्या आकड्यावरून पायरी ठरते. जगभरातले पशुवैद्य यासाठी ‘आयरिस’ या संस्थेचं कोष्टक वापरतात. मांजराचं क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी, ५ च्या वर चौथी. आजच्या आकड्यावर चिंगी तिसरीत बसते, पण कोरड्या शरीरावर पायरी ठरवायची नसते. किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या पायरीत आहे. दुसरीतली मांजरं सर्वसाधारणपणे तीनेक वर्षं काढतात, तिसरीतली दीड-दोन वर्षं, चौथीतली काही महिने. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीवरचं एखादं मांजर महिन्याभरात जातं आणि दुसरं पाच वर्षं ठणठणीत खिडकीत बसतं. चिंगी यातली कोणती, हे आज मी सांगितलं तर ती थाप असेल.

बादलीबद्दल तुम्ही लिहिलंय त्यात अपराधीपणा दिसतो, म्हणून सांगतो. किडनीचं काम म्हणजे दहा जणांच्या ऑफिसातून एकेक माणूस कमी होत जावा आणि उरलेल्यांनी निमूट ओढत राहावं, असं असतं. बाहेरच्याला पत्ता लागत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा साधारण पाऊण काम गेलेलं असतं. जास्त पाणी पिणं, ट्रेमध्ये वाळूचे मोठाले गोळे होणं हीच काय ती आधीची खूण, आणि ती बहुतेक घरांत मजेत घेतली जाते. तुमच्याच घरात असं झालं असं नाही. घरात दुसरं मांजर असेल तर दहाव्या वर्षानंतर वर्षातून एकदा त्याचं रक्त आणि लघवी तपासून घ्या. चिंगीबाबत मागचं उगाळून आता हाती काही लागणार नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन-चार गोष्टी विचारा. लघवी तपासली का? तिची घनता किती, त्यात प्रथिनं जातात का, जंतू आहेत का? सोनोग्राफी झाली का? रक्तातलं पोटॅशियम किती? ते कमी झालं की मांजराची मान खाली झुकते, मागचे पाय लटपटतात, आणि घरचे समजतात म्हातारपण आलं. या वयात थायरॉइडही बघून घ्यावं, कारण ते वाढलेलं असेल तर किडनीचे आकडे आहेत त्याहून बरे दिसतात. आणि बीपी मोजलं का? हे मी मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण मांजराचं बीपी मोजण्याचं यंत्र सगळ्या दवाखान्यांत नसतं आणि मग तो विषयच निघत नाही. किडनीच्या मांजरांत बीपी वाढणं नेहमीचं आहे. ते १६० च्या वर राहिलं तर डोळ्याच्या पडद्याला धोका असतो. काल दिसत होतं ते मांजर आज भिंतीला धडकतं, बुबुळं ताटलीएवढी होतात. आणि हे टाळण्याचं औषध म्हणजे माणसांची साधी ॲम्लोडिपिन, बहुतेकदा २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा. पण मोजल्याशिवाय द्यायची नाही.

आता दुखण्याचं. जुन्या किडनीच्या आजारात कळा येतात, असं सहसा नसतं. त्रास असतो तो मळमळीचा. ती ओळखायला उलटीची वाट बघू नका. चिंगी भांड्याजवळ येते, वास घेते, ओठ चाटते, एकदा गिळल्यासारखं करते आणि तोंड फिरवून निघून जाते, असं होतं का बघा. पाच मिनिटांनी परत येते, परत तेच. भूक आहे पण अन्नाचा वास सहन होत नाही, त्याची ही खूण आहे. लोक म्हणतात, नखरे करते, चव गेली. तसं नसतं. मळमळीवर चांगली औषधं आहेत, मॅरोपिटंट आणि ओंडान्सेट्रॉन ही नेहमीची. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात, माणसांना नैराश्यासाठी देतात तीच गोळी, पण मात्रा चिमूटभर आणि किडनीच्या मांजराला एक दिवसाआड. मात्रा जास्त झाली तर मांजर रात्रभर ओरडत घरभर येरझाऱ्या घालतं आणि चाळीत असाल तर शेजारीही जागे राहतात. तोंडाला अमोनियासारखा वास येत असेल, लाळ गळत असेल तर तोंडात व्रण असतील, तेही डॉक्टरांना दाखवा. शौचाला खडा होत असेल तर सांगा, पाणी कमी पडलेल्या मांजरांना बद्धकोष्ठता फार छळते आणि त्यानेही खाणं थांबतं.

‘किडनीचे हाल’ म्हणून जे हाल तुमच्या भावाला दिसताहेत, त्यातले बरेचसे या मळमळीचे, कोरडेपणाचे आणि बद्धकोष्ठतेचे आहेत. त्यांवर औषध आहे. म्हणून आधी ते देऊन बघायचं आणि मग मांजराकडे बघून ठरवायचं. मी घाई नको म्हणतो ते एवढ्याचसाठी.

खाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या घरांत गोंधळ इथेच होतो. किडनीचा खास आहार, म्हणजे दवाखान्यात मिळणारं रीनल फूड, मांजराचं आयुष्य खरोखर वाढवतं. त्यात फॉस्फरस कमी असतो आणि या आजारात फॉस्फरस हाच मोठा शत्रू. तिसऱ्या पायरीवर तो ५ च्या खाली हवा, चिंगीचा ७.१ आहे. पण मळमळत असताना, सलाईन लावलेलं असताना हा आहार सुरू करू नका. त्या वेळी पुढे आलेल्या अन्नाचा मांजराला कायमचा तिटकारा बसतो. आधी ती खाऊ दे, आवडतं ते. मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू, आज एक चमचा नवीन आणि बाकी जुनं, असं बदला. नाहीच जमलं तर जुन्या खाण्यात फॉस्फरस बांधणारी पावडर मिसळून देता येते. ती अन्नाबरोबरच द्यायची, उपाशीपोटी दिली तर उपयोग नाही. आणि एक गोष्ट या सगळ्याच्या वर: दोन-तीन दिवस काहीच न खाणारं मांजर लिव्हर बिघडून जाऊ शकतं. रीनल फूड खात नाही म्हणून उपाशी ठेवण्यापेक्षा चुकीचं काहीतरी खाल्लेलं परवडलं.

चुकीचं म्हणजे किती चुकीचं, तेही सांगतो. लालबाग-परळच्या घरातली मांजर म्हणजे बोंबील आणि मांदेलीवर वाढलेली, हे मी गृहीत धरतो. ताजा उकडलेला मासा थोडा चालेल. कालवणातला तुकडा धुऊन देणं बंद, त्यात मीठ असतं आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घरोघरी सुकट आणि सुके बोंबील निघतात आणि वासाने मांजर वेडी होते. मिठाने भरलेला तो प्रकार या आजारात अजिबात नको. दुधातही फॉस्फरस बराच असतो. त्याऐवजी बिनमिठाचं मासे उकडलेलं पाणी कोमट करून चमचाभर रीनल फूडवर घाला. माझ्या अनुभवात याने जितकी मांजरं वळली तितकी महागड्या टॉनिकने नाही. अन्न थंडगार देऊ नका. आणि मुंबईच्या दमट हवेत ओलं खाणं तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नका. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि बादलीवर चढायला अजूनही आवडत असेल तर चढू दे.

सुयांचं. दवाखान्यात शिरेतून दिलेलं सलाईन वेगळं आणि घरी कातडीखाली द्यायचं वेगळं. दुसरा प्रकार तुम्हाला शिकता येईल. डॉक्टरांनी लिहून दिलेली आरएलची (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) बाटली केमिस्टकडे मिळते. ती कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, आणि खिडकीच्या गजाला उंच टांगायची. मांजर मांडीवर किंवा ओट्यावर टॉवेलवर, तोंड तुमच्यापासून लांब. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते, त्यात सुई आडवी सरकवायची. भिजलेली केसं हाताला लागली तर सुई आरपार गेली आहे. तीन किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मिलि देतात, रोज की दिवसाआड ते डॉक्टर ठरवतील. पाठीवर उंटासारखं आवाळू येतं, मग ते एका पायाकडे ओघळतं, लोक घाबरून फोन करतात. काही तासांत ते जिरतं. सुई दर वेळी नवी. हे सगळं पाच-दहा मिनिटांत होतं आणि बऱ्याच मांजरांना दुसऱ्या आठवड्यात त्याचं काही वाटेनासं होतं.

पण सगळ्यांना नाही. काही मांजरं दर वेळी लढतात, पलंगाखालून बाहेर येत नाहीत, आणि ज्या माणसावर त्यांचा जीव असतो त्यालाच घाबरू लागतात. अशा वेळी मी सलाईनचा आग्रह सोडतो. तुमच्या प्रश्नातला ‘छळ’ हा शब्द तिथे लागू होतो, चिंगीला तो लागू आहे का हे दोन आठवड्यांत तुम्हालाच कळेल. आणखी एक अट: सलाईन सुरू करण्याआधी हृदय तपासलेलं असावं. हृदय दुबळं असेल तर तेच पाणी फुप्फुसात जातं. झोपेत श्वास मोजत जा. मिनिटाला ३० च्या वर जायला लागले तर सलाईन थांबवून डॉक्टरांना फोन करा.

घरात कुणी प्रेमापोटी तिला क्रोसिन देणार नाही, याची काळजी घ्या. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. आयब्युप्रोफेनही तसंच. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘किडनी साफ’ करणारे काढे नकोत. आणि भेटीला येणाऱ्याला सांगा, मोठ्या पाकळ्यांची लिली असलेला बुके आणू नका. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी धडधाकट मांजराचीही किडनी जाते.

आता भाऊ आणि आजी. भावाचं म्हणणं निर्दय नाही, तो चिंगीला लांबून बघतोय आणि त्याला फक्त वाईट दिवस दिसतात. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला काम द्या. औषधं आणणं, रविवारचं सलाईन धरणं. आणि घरातल्या कालनिर्णयावर, दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, रोज रात्री एक खूण करा: बरा दिवस किंवा वाईट दिवस. त्यासाठी आधी चिंगीच्या चार सवयी लिहून काढा, अगदी तिच्याच. किल्लीचा आवाज आला की दाराशी येणं, सकाळी ठराविक गजाशी उन्हात बसणं, अंग चाटून साफ करणं, स्वतःहून खायला मागणं, असं काहीही. त्यातल्या दोन तरी आज झाल्या तर दिवस बरा. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस अशा सात बाबींना दहापैकी गुण देण्याची पद्धत केली आहे. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही, असं ती सांगते. ज्यांना आकडे आवडतात त्यांनी ती वापरावी. मला कालनिर्णय जास्त पटतं, कारण ते सगळ्या घराला दिसतं. आठवड्यात वाईट खुणा जास्त व्हायला लागल्या, औषधं बदलूनही होत राहिल्या, तर तुम्ही आणि भाऊ आपोआप एकाच बाजूला याल.

आजीचं वेगळं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, हे ऐकत ती पिढी वाढली. तिला शास्त्र समजावत बसू नका. एवढंच सांगा की किडनीचं मांजर आपोआप जातं म्हणजे दर वेळी झोपेत जातं असं नाही. शेवटचे दिवस उलट्यांचे, अंग गार पडण्याचे, कधी झटक्यांचे असतात. ते दिवस चिंगीच्या वाट्याला येऊ द्यायचे की नाही, एवढाच तो निर्णय असतो. काही आज्या हे ऐकून गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतः विषय काढतात. काही नाही काढत. त्यांना मांजराला झोपवायच्या दिवशी जबरदस्तीने जवळ बसवू नये.

वेळ आलीच तर काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं, म्हणून लिहितो. आधी गुंगीचं इंजेक्शन मागा. ते न देता थेट शिरेत औषध द्यायला कुणी निघालं तर थांबवा. गुंगीत मांजर पाच-दहा मिनिटांत सैल पडतं, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात आणि हृदय मिनिटा-दोन मिनिटांत थांबतं. डोळे उघडे राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू हलतात, लघवी होते. ती जिवंत असल्याची खूण नव्हे. घरी येणारे डॉक्टर मुंबईत आहेत, पण रात्री अकरा वाजता शोधायला लागलात तर मिळत नाहीत, नंबर आजच घेऊन ठेवा. नंतरच्या सोयीचंही तसंच. मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची गॅसवरची दहनभट्टी २०२३ पासून आहे. घरात लहान मूल असेल तर चिंगी ‘गावाला गेली’ असं सांगू नका, ते दाराशी वाट बघत बसतं.

लोकलमधल्या रडण्याचं काय सांगू? मांजर जिवंत असताना तिच्या जाण्याचं दुःख सुरू होतं, माझ्या टेबलासमोर बसलेल्या निम्म्या लोकांचं तेच चाललेलं असतं, आणि त्यात मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसंही असतात. ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे कुत्रा-मांजर आहे असा एक जण शोधा, त्याला सांगा. साहेबांना फक्त ‘घरी आजारपण आहे, दोन आठवडे संध्याकाळी वेळेवर निघेन’ एवढं सांगा. ते खरंच आहे. आणि सलाईन, गोळ्या, ट्रे हे सगळं एकट्याने ओढू नका. दमलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो, दोन्ही बाजूंचे.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, आणि आताच्या डॉक्टरांना सांगून घ्या, कुणी शहाणा डॉक्टर रागावत नाही. तुम्हाला परळचं बैलघोडा हॉस्पिटल पायी अंतरावर आहे, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच परिसरात. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय. जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, औषधांच्या पट्ट्या न्या, आणि चिंगी भांड्याजवळून तोंड फिरवते त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात ती ते करणार नाही. पिंजऱ्यावर तुमची वापरलेली ओढणी टाका आणि कुत्र्यांच्या रांगेत बसू नका, नंबर लावून बाहेर टॅक्सीत थांबा. बीपी मोजायचं असेल तर तिथल्या माणसाला सांगा की आधी दहा मिनिटं तिला शांत बसू द्या आणि चार-पाच वेळा मोजून मग आकडा लिहा.